उंदरांची राखण

उंदीर या जातीबद्दल माझ्यासमोर कुणी चांगलं बोलू नये. गणपतीचं वाहन आहे म्हणतात. असेल. मग गणपतीनं ते आपल्या दारात बांधून ठेवावं, माझ्या घरात कशाला सोडावं? एका वर्षात माझ्या कोंबडीची दोन वेळची पिल्लं त्यांनी संपवली. पुरती खाल्ली असती तरी एक वेळ समजले असते. पण मेले पाय कुरतडून टाकायचे आणि निघून जायचे, ही कसली भूक? सकाळी डालगं उचललं की खाली ते बघायला लागायचं. डालगं म्हणजे बांबूची मोठी उपडी टोपली, तिच्याखाली रात्री कोंबड्या झाकायच्या. त्यानं मुंगूस अडतं, रानमांजर अडतं. उंदीर अडत नाही, तो खालून जमीन उकरून वर येतो.

आमची वाडी मार्गासनीच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे. घरं थोडीच, आणि सगळी एकमेकांच्या नात्यातली. त्यात शेवटचं घर माझं, आणि त्यात मी एकटी. नवऱ्यानं दुसरी केली आणि तिच्या माहेरी घरजावई होऊन बसला. जाताना बैल नेले, नांगर नेला, चांगलं जातं होतं तेही नेलं. घर आणि कोंबड्या मागं राहिल्या. घर उचलता येत नव्हतं म्हणून, आणि कोंबड्या त्याच्या हाती लागल्या नाहीत म्हणून. तेव्हा मी विशीची असेन. पोरबाळ नव्हतं. लोक पुढ्यात काही बोलत नसत, पण पाणवठ्यावर मी गेले की बायकांचं बोलणं आटोपतं व्हायचं.

त्या वर्षी भाऊबीजेला दादा आला. माझा थोरला भाऊ, शिवऱ्याला शेती करायचा. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "एकटी बाईमानूस कशी ऱ्हाशील हितं? चल माज्याकडं."

वहिनी वाईट नव्हती, उगाच कशाला बोलू. पण दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायचं म्हणजे भाकरी थापतानासुद्धा विचारावं लागतं, किती थापू? ते मला नको होतं. मी म्हटलं, "दादा, माज्या कोंबड्या हायत. अंडी इकते, वाढलेल्या तलंगा इकते. माजं पोट भरतं."

"भरतं व्हय? पिल्लं तर उंदीर खात्यात."

दादानं मग आपणच ठरवून टाकलं. संक्रांतीला येतो, तोवर पिल्लं काढून वाढवलेली दिसली तर राहा इथंच, माझं काही म्हणणं नाही. नाही दिसली तर मुकाट्यानं निघायचं. मी रागाच्या भरात "चालंल" म्हणून बसले. त्या एका शब्दावर माझं घर टांगलं गेलं.

मग मी भोरच्या बाजाराला गेले आणि वाण्याकडून सोमल आणला. उंदरांचं जहर. हाताला फडकं गुंडाळून नाचणीच्या पिठात गूळ घातला, सोमल घातला, गोळ्या वळल्या आणि भिंतीच्या बिळांत सारल्या. कोंबड्या दिवसभर डालग्याखाली कोंडल्या. याच सुमाराला माझी तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंड्यांवर बसायला आली होती. चुलीमागच्या कोपऱ्यात पाटीत भाताचा पेंढा घातला, अंडी मांडली, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून एक खिळा आणि कोळशाचा खडा ठेवला, आणि तिला वर बसवली. ती अशी काही पसरून बसली की मला तिला मिठीच मारावीशी वाटली. मनात म्हटलं, बस बाई, आता तुझ्यावर आहे सगळं.

एक दिवस काही झालं नाही. मग उंदीर मरायला लागले. पण सोमल खाल्लेल्या उंदराला जागच्या जागी मरायचं सुख नसतं. पोटात आग पडते, तो पाणी शोधत सुटतो. एक पाटलांच्या रांजणापाशी मरून पडला, एक देवळाच्या पायरीवर, एक माझ्या चुलत सासूच्या न्हाणीत. आणि सकाळी सकाळी वाडीत ओरडा झाला, "उंदीर पडला! उंदीर पडला!"

आताच्या लोकांना हे दोन शब्द काहीच वाटायचे नाहीत. आमच्या वेळी ते ऐकले की बायका चुलीवरची भाकरी तशीच टाकून पोरं उचलायच्या. उंदीर पडला म्हणजे पिलेग आला. आधी उंदीर मरायचे, मग माणसांना काखेत, जांघेत गाठ उठायची. आमच्या वाडीत असं एकही घर नव्हतं की ज्यातलं माणूस मागच्या साथीत गेलं नव्हतं. त्यामुळं रीत ठरलेली होती. उंदीर पडला की त्याच दिवशी गाव सोडायचं आणि रानात खोपी घालून राहायचं.

मी तशीच पाटलांच्या दारात धावत गेले. म्हटलं, "पाटील, पिलेग न्हाई. म्या औषध घातलंय. माज्या पिल्लांपायी."

पाटील रागीट होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रांजणापाशी पडलेल्या उंदराकडे बघितलं. "तुज्या औषदानं मेला आसंल," ते म्हणाले. "नसंल बी. आता त्या मेल्याला इचारू का, बाबा तू कशानं गेलास?"

"म्या सांगते न्हवं?"

"पोरी, तू खोटं बोलत न्हाईस. पर गाठ उठल्यावर तुजं खरं काय कामाचं?"

त्यांचा धाकटा भाऊ मागच्या साथीत गेला होता. मी घराकडे परतले.

दुपारपर्यंत वाडी हलली. कणगीतलं धान्य पोत्यांत भरलं, गुरं सोडली, पोरं काखोटीला मारली. घरांची दारं उघडी टाकली आणि छपराची कौलं जागोजाग काढून ठेवली, आत ऊन पडावं म्हणून. माझी चुलत सासू, तिला मी आत्याबाई म्हणायची, ती दारात येऊन उभी राहिली. तिच्याच जात्यावर मी दळायला जायची, भांडायला पण तीच आणि बोलायला पण तीच.

"चल की गं. आमच्या खोपीत जागा हाय. पर कोंबडी नगं. ती उंदरांतली हाय."

"आत्याबाई, ती अंड्यावर बसलीया. हलवली की उठंल. मागल्या वेळी उठलीच की."

"मग उठू दे! कोंबडीपायी जीव देतीस का काय?"

मी म्हटलं, देते. तोंडातून निघून गेलं. आत्याबाईनं कपाळावर हात मारला आणि रडत रडत निघून गेली. आणि पाटलांनी वेशीतून निघताना सांगितलं, आत राहशील तर आतच राहायचं. आमच्यात यायचं नाही, ओढ्यावर यायचं नाही, पाणी वाडीतल्या आडाचं घ्यायचं. जागल्या, म्हणजे गावची राखण करणारा गडी, रोज सकाळी वेशीशी येऊन बघेल. मेलेले उंदीर दिसायचे थांबले आणि जिते उंदीर घराघरांत हिंडताना दिसले, की मग गाव परत येईल. तोवर नाही. हीच रीत होती आणि ती बरोबरच होती. पण मला तेव्हा रीत दिसत नव्हती, पाठी दिसत होत्या नुसत्या.

रिकाम्या गावात मी त्याआधी कधी राहिले नव्हते. आपल्याला वाटतं, एकटी तर मी रोजच आहे, त्यात काय मोठंसं! तसं नसतं. रोज मी एकटी होते, पण शेजारी कुणाचं तरी पोर मार खात असायचं, कुणीतरी खोकायचं, ताक घुसळायचं. त्यातलं एकही उरलं नाही. आत्याबाईचं जातं घरातच होतं, एवढा दगड कोण उचलणार. मी तिच्या उघड्या घरात जाऊन एकटी दळायची. दोघींनी ओढायचं जातं ते, एकटीच्या हाताला जड जायचं, आणि वरच्या कौलांच्या भोकातून ऊन माझ्या डोक्यावर. उतारावरच्या खोपींचा धूर दिसायचा. कधी वारा इकडचा असला की हसण्याचा आवाज यायचा. हसतायत मेले! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि मग रडू यायचं, कारण त्या हसण्यात कुणाकुणाचा आवाज आहे हे मला ओळखू येत होतं.

रोज उठलं की आधी काख चाचपायची, मग जांघ. सोमल मीच घातला होता, मला ठाऊक होतं. तरी चाचपायची. एकट्या माणसाला आपलं ठाऊक असलेलंही पुरत नाही. काखेत काही नाही म्हटल्यावर चूल पेटवायची आणि तांबडीला सांगायची, "आजचा दिस मिळाला गं." ती पापणी वर ओढून माझ्याकडे बघायची. ती दिवसातून एकदाच उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, आणि लगबगीनं परत बसायची. तेवढ्या वेळात मी अंड्यांवर हात धरायची. ऊन ऊन लागायची.

आणि मग उंदीर आले. विचार करा, सगळ्या वाडीतलं धान्य रानात गेलेलं. घरोघर रिकाम्या कणग्या. दाणा होता तो एका माझ्या घरात, अंडी होती ती एका माझ्या घरात, आणि ऊब होती ती माझ्या चुलीजवळ. औषधातून वाचलेले सगळ्या गावचे उंदीर माझ्याकडे पाहुणे आले. भुकेनं त्यांची भीड मोडली होती. भर दिवसा आढ्यावरून पळायचे, उतरंडीमागून डोकवायचे. एक घूस तर दारातून अशी आली की जणू ती घरमालकीण आणि मी तिच्याकडे कामाला. मी बिळांत बाभळीचे काटे ठासले, खापराचे तुकडे ठासले, शेणामातीनं लिंपलं. सकाळी बघावं तर शेजारी दुसरं बीळ.

एक दिवस तांबडी ओरडली म्हणून वळून बघितलं, तर एक उंदीर तिच्या पाटीच्या काठावर. एक अंडं फुटलेलं, आणि आतलं पिल्लू अर्धं झालेलं. मी धुण्याचं धोपाटणं उचललं. उंदीर भिंतीशी अडकला होता, पळायला वाट नव्हती त्याला. एका फटक्याचं काम होतं. हात वर गेला आणि वरच राहिला.

कारण हा मेला की मी याला टाकणार कुठं? पुरला तर घुशी उकरून काढणार, जागल्याला दिसला की तो जाऊन सांगणार, आणखी एक पडला. मग गावाचं परतणं आणखी लांबणार. तो मेलेला उंदीर मारलेला आहे का रोगानं गेलाय, हे वेशीवरून कुणाला कळणार होतं? मला जिते उंदीर हवे होते. जितके जास्त जिते, तितका गाव लवकर परत. आणि खरं सांगते, मला स्वतःलाही ते जिते हवे होते. ते पळतायत म्हणजे पिलेग नाही, म्हणजे माझ्या काखेत उद्याही काही नसणार. माझ्या पिल्लांच्या वैऱ्याच्या जिवावर माझा जीव अवलंबून होता. मी धोपाटणं खाली टाकलं आणि त्या उंदराला अशा काही शिव्या घातल्या की माझ्या सासूनंही ऐकल्या नसत्या. तो निघून गेला.

त्या दिवशी मी मडक्यातली नाचणी काढली. माझी, वर्षाची. ओंजळभर घेतली, गावातून चालत वेशीपर्यंत गेले आणि वेशीला लागून असलेल्या पाटलांच्या ओसरीवर पसरली. परत आले, आणखी नेली. उंदरांनो, तिकडे जा. तिकडे जेवा. जागल्याच्या डोळ्यांसमोर जेवा. रोज मावळायच्या आत आणि पहाटे मी उंदरांना जेवण वाढून यायची. आधी काही आले नाहीत. मग आले. मग तर मी पसरायच्या आधीच खांबाआडून वाट बघायचे. माझ्या पोटाला पातळ आंबील आणि त्यांच्या पोटाला दाणे. अशी राखण कुणी केली नसेल.

घरातले कमी झाले. सगळे गेले असं नाही, पण एकटीनं हुसकता येतील इतके उरले. मी चुलीपाशी पाठ टेकून तांबडीच्या अंगाला अंग लावून बसायची.

जागल्या सकाळी यायचा. वेशीच्या पलीकडून ओरडायचा, "जिती हायस का गं?"

"हाय. पाटलाच्या वसरीवर बघ."

"बाबौ! किती हायत!"

"मेलेला दिसतोय का एखादा?"

"न्हाई."

"मग जाऊन सांग की!"

"सांगतो. पर म्हातारी मानसं म्हनत्यात, अजून बघू."

एवढंच बोलणं दिवसाचं. तो निघाला की मी काहीतरी विचारायची. आत्याबाईचा गुडघा कसा आहे, म्हैस व्यायली का, काल रात्री खोपीत भांडण कुणाचं झालं. तो बिचारा उभा राहून सांगायचा. त्याला घाई असली तर मी नवीन काहीतरी काढायची. लाज वाटायची, तरी काढायची.

पिल्लं आली ती सकाळी. आधी तांबडीच्या पोटाखाली किचकिच ऐकू आली, मी श्वास धरून बसले. एक ओलं डोकं पंखातून बाहेर आलं. मग दुसरं. चार अंडी उंदरांनी फोडली होती, एक पोकळ निघालं, बाकी सगळी पिल्लं बाहेर आली. मी धावत दारात गेले आणि ओरडले, "आली गं आली!" आणि मग लक्षात आलं, ऐकायला कोण आहे?

त्यानंतर मी रात्रंदिवस त्यांच्यापाशी. डालग्याखालची जमीन खणून फरशीचे दगड बसवले, फटींत काटे घातले. तरीही एक पिल्लू गेलंच. त्याच्यासाठी मी पोटच्या पोरासाठी रडावं तशी रडले. का नको रडू? दुसरं होतं कोण?

गाव परत आलं तेव्हा सगळ्यात आधी पाटील आले, कारण त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर, माजघरात, देवघरात, सगळीकडे माझे खाऊनपिऊन माजलेले उंदीर. "आगं बाई," ते दारातून ओरडले, "माज्या घरात उंदरांचं लगीन लावलंस व्हय?" पण ते हसत होते. त्या संध्याकाळी शेजारून जात्याची घरघर आली आणि मी चुलीपुढं बसल्या बसल्या ढसाढसा रडले. आत्याबाईला वाटलं मला ताप आलाय. कपाळाला हात लावून बघितलं तिनं.

रिकाम्या गावात राहून माझं आतलं काहीतरी हललं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही. पिल्लांना पंख फुटले, ती दारात उकरायला लागली, मी जिंकले होते. आणि मला आता दादाच्या घरी जावंसं वाटत होतं. किती भाकरी थापू, हे विचारायला कुणीतरी असेल, एवढ्यासाठीसुद्धा. पण हे आपण होऊन कसं म्हणायचं? मी मनात सगळं ठरवलं होतं. दादा म्हणेल चल, मी म्हणेन नाही. तो परत म्हणेल, मी परत नाही म्हणेन. आमच्याकडे पहिलं नाही हे कुणी नाही समजतच नाही. पानात भाकरी वाढतानासुद्धा तीनदा म्हणतात. तिसऱ्यांदा म्हणाला की मी डोळ्याला पदर लावीन आणि म्हणेन, तू म्हनतोस तर येते. आत्याबाईला कोंबड्या सांभाळशील का म्हणून आडून आडून विचारूनही ठेवलं होतं. दोन लुगडी बांधून गाठोडं मडक्यामागं ठेवलं होतं.

संक्रांतीला दादा आला. मी वेशीकडे बघत विचारलं, "गाडी कुटं सोडलीस?"

"गाडी न्हाई आनली. चालतच आलो."

मी त्याला पाणी दिलं, तिळगूळ घेतला, पिल्लं दाखवली. त्यानं ती हातात धरून बघितली, हसला. "जिकलीस की गं बाई!"

"व्हय," मी म्हटलं. "म्या काय आता येत न्हाई, दादा."

"बरं," दादा म्हणाला.

आणि पिल्लू खाली सोडलं. हरभरा यंदा बरा आहे म्हणून सांगायला लागला. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. त्याला परत म्हणता यावं म्हणून मी परत म्हटलं, "हितं बरं चाललंय न्हवं माजं, म्हनून."

"त्येच म्या तुज्या वहिनीला म्हनलो. तिचा जीव उगा खाली-वर." दादाच्या डोक्यावरून ओझं उतरलेलं मला दिसलं. तो चांगला माणूस होता, ते त्याला लपवता आलं नाही. भाकरी खाऊन, वहिनीसाठी अंडी घेऊन, ऊन आहे तोवर तो निघाला.

मी गाठोडं सोडलं आणि लुगडी दांडीवर टाकली. शेजारी आत्याबाई दळत होती, कुणाचं तरी पोर मार खात होतं, गाव सगळं भरलेलं होतं. रिकाम्या गावात होते तेव्हा मला निदान कुणाची तरी वाट बघता येत होती.